खोक्यावरचं लेबल मागा, मग सुईचं बोलू

ताई, तुम्ही टाकलेला कागदाचा फोटो पाहिला. वय 47, भाचीचं लग्न सात आठवड्यांवर, आणि क्लिनिकने 'फुल फेस पॅकेज' म्हणून बोटॉक्स, 2 एमएल फिलर आणि वर गोरेपणाची ड्रिप लिहून दिली आहे. यातलं काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न. फिलरपुढे नुसतं 'इंपोर्टेड' लिहिलंय. तो एक शब्द दिसला म्हणून उत्तर लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांचा. बोटॉक्स स्नायू सैल करतं, फिलर पोकळी भरतं, इतपत तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यामुळे तिथे थांबत नाही.

आधी आरसा घेऊन खिडकीपाशी बसा. कपाळाला आठ्या घाला, मग चेहरा सैल सोडा. जी रेघ हलताना उमटते आणि थांबल्यावर मिटते, ती बोटॉक्सची. चेहरा शांत असतानाही कोरल्यासारखी राहते, तिला बोटॉक्स नरम करेल, पुसणार नाही. आता तोच आरसा घेऊन पलंगावर उताण्या झोपा. नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी निजल्यावर बरीच कमी झाली, तर ती गाल ओघळल्यामुळे पडलेली आहे. तिच्यात फिलर कोंबलं की वरच्या ओठाचा भाग फुगलेला दिसतो आणि फोटोत तेच आधी डोळ्यात भरतं. डोळ्यांखालचा काळेपणा तपासायला तिथली त्वचा बोटाने हलकेच ताणा. रंग तसाच राहिला तर तो त्वचेतला रंग आहे, फिलरने जाणार नाही. उलट तिथल्या पातळ त्वचेत फिलर वर वर बसलं तर निळसर झाक येते.

बोटॉक्स घ्यायचं ठरलं तर भाव युनिटमध्ये विचारा. 'एरिया' किंवा 'पॉइंट' या हिशेबात पाणी किती आणि औषध किती, हे कळत नाही. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा लेबलवरचा डोस 20 युनिट, पाच ठिकाणी चार-चार. डोळ्यांच्या कडांना दोन्ही बाजू मिळून 24. डिसपोर्ट (याच जातीचं दुसऱ्या ब्रँडचं औषध) असेल तर भुवयांमधला लेबलवरचा डोस 50 युनिट आहे, कारण त्याचं युनिटच वेगळं. 50 ऐकून 'जास्त मिळालं' असं समजू नका. बोटॉक्सची 100 युनिटची नवी कुपी उजेडात धरली तर रिकामीच वाटते, तळाशी फक्त पांढुरका पातळ थर असतो. आत पोकळी असल्यामुळे सुई टोचताच सलाइन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती कुपी वापरायची नसते. 2.5 एमएल सलाइन घातलं तर 0.1 एमएलमध्ये 4 युनिट येतात. हे तुमच्यासमोर कालवायला सांगा. चांगला डॉक्टर यात अपमान मानत नाही.

भिशीतल्या मैत्रिणी मिळून एक कुपी घेण्याची टूम हल्ली निघाली आहे. लेबल सांगतं: एक कुपी एका रुग्णाला, कालवल्यावर 24 तासांच्या आत. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

नुसत्या कपाळाला बोटॉक्स घेऊ नका, विशेषतः पापण्या आधीच जड असतील तर. भुवया उचलून धरणारा स्नायू कपाळातच असतो. तो सैल झाला आणि भुवयांना खाली ओढणारे स्नायू तसेच राहिले की भुवया डोळ्यांवर येतात आणि चेहरा पेंगुळलेला दिसतो. टोचल्यावर चार तास आडवं होऊ नका, ती जागा चोळू नका. मायस्थेनिया (स्नायू दुबळे होण्याचा आजार) असेल, गर्भारपण असेल किंवा अंगावर पाजत असाल तर नाहीच. जेंटामायसिन-अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील तर आधी सांगा.

आता फिलर. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक इथेच झाली. रोज दुसऱ्यांच्या औषधांचे बॅच नंबर तपासणारी मी, स्वतःच्या गालात काय गेलं ते विचारलं नाही. काही महिन्यांनी गाठ हाताला लागली, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "कोणतं फिलर?" पहिल्या क्लिनिकच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "मैडम, सिस्टम में नहीं दिख रहा।" तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळा हेच.

नाव का लागतं ते सांगते. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं फिलर असेल तर हायलुरोनिडेस टोचून विरघळवता येतं. तेही घट्ट जेल असेल तर डोस जास्त लागतो. कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट म्हणजे रेडिएससारखं काही असेल तर हायलुरोनिडेसने विरघळत नाही. स्कल्प्ट्रा नावाच्या फिलरचंही तसंच, शिवाय ते टोचल्यावर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मसाज करायचा असतो, आणि हे घरी पाठवताना कुणी सांगितलं नाही तर गाठी होतात. सिलिकोन निघालं तर बहुतेक वेळा कापूनच काढावं लागतं. नाव माहीत नसलं की डॉक्टर अंधारात चाचपडतात, आणि सोनोग्राफीपासून सगळा खर्च तुमच्या माथी.

नामांकित फिलरच्या खोक्यात लॉट नंबरचं सोलून काढायचं लेबल असतं. ते तुमच्या फाइलवर चिकटवायला लावा आणि तिथेच फोटो काढा. मुदत संपण्याची तारीख पाहा, सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. 1 एमएलच्या सिरिंजमधलं उरलेलं 0.3 एमएल 'फ्रिजमध्ये ठेवतो, पुढच्या महिन्यात लावू' असं म्हणाले तर नको म्हणा. उघडलेली सिरिंज पुन्हा वापरायची नसते, जंतुसंसर्गाला ते आमंत्रण.

नोंदी द्यायला नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात. मी नुसतं तोंडी विचारत राहिले, तिथेच फसले. कागद गेला की काउंटरची भाषा बदलते. तरी नाही दिलं तर आपल्या इंदूरकरांना मध्यप्रदेश मेडिकल कौन्सिल आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण त्यासाठी पक्कं बिल हवं. कॉस्मेटिक कामावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणून 'बिल नको, कमी करून देतो' असं सांगतात. ते वाचवलेले पैसे नंतर फार महाग पडतात.

टोचण्याआधी आणखी एक विचारा: "हायलुरोनिडेस फ्रिजमध्ये आहे का? दाखवा." 1500 युनिटच्या कुप्या मिळतात, आणि एक पुरेल असं नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा पांढरी पडते, मग निळसर जाळी दिसते, दुखणं वाढत जातं. नखाने दाबून सोडलं की तीन-चार सेकंदांतही रंग परतत नाही. अशा वेळी 'सूज आहे, बर्फ लावा' म्हणून घरी पाठवलं तर जाऊ नका, तिथेच बसा. नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची, तिथून डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत वाट जाते. दृष्टी अंधुक झाली तर मिनिटांचा प्रश्न असतो. इंदूरचं सरकारी एमवाय असो की दुसरं मोठं इस्पितळ, डोळ्यांचा विभाग असेल तिथे ताबडतोब. म्हणूनच पार्लरच्या मागच्या खोलीत नाकाला सुई लावून घेणं मला वेडेपणा वाटतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा आणि तो तपासा. एमडी त्वचारोग किंवा एमसीएच प्लास्टिक सर्जरी असेल तर बरं. भिंतीवरच्या 'एस्थेटिक डिप्लोमा'च्या फ्रेमवर जाऊ नका.

तुमच्या सात आठवड्यांचा हिशेब असा. बोटॉक्स या किंवा पुढच्या आठवड्यात घ्या: तीन-पाच दिवसांत जाणवायला लागतं, पूर्ण असर दोन आठवड्यांनी दिसतो आणि तीन-चार महिने टिकतो. भुवई वर-खाली झाली तर दुरुस्त करायला वेळ उरतो. फिलर घ्यायचंच तर लग्नाच्या किमान चार आठवडे आधी, आणि पहिल्यांदा 1 एमएल पुरे. 2 एमएल पॅकेजमध्ये आहे म्हणून संपवायचंच असं नाही. प्रोफाइलोसारखं स्किन बूस्टर (त्वचेला ओलावा देणारं इंजेक्शन) दोनदा घ्यायचं असतं, मध्ये चार आठवडे, आणि खरा फरक दुसऱ्यानंतर महिनाभराने, म्हणजे लग्नाला ते पुरतच नाही. पीआरपीच्याही (आपल्याच रक्तातला प्लाझ्मा टोचण्याच्या) महिन्या-महिन्याने तीन फेऱ्या होतात. दातांचं काम फिलरच्या आधी किंवा नंतर दोन आठवडे टाळा. हळदी-उटण्याचं रगडणं आणि पार्लरचं फेशियलही तेवढेच दिवस नको. रक्त पातळ करायची गोळी हृदयासाठी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, निळं पडलं तर पडू द्या. फिश ऑइल मात्र आधी आठवडाभर थांबवायला विचारा.

राहिली गोरेपणाची ड्रिप. ती ग्लुटाथायोनची असणार. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, त्वचा उजळवण्याच्या कुठल्याही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. पॅकेजमधून ती वगळून किती कमी होतं ते विचारा. 'फ्री आहे' म्हणाले तरी नको म्हणा.

मी तुमच्या जागी असते तर या लग्नाला फक्त बोटॉक्स घेतलं असतं, भुवयांमध्ये आणि डोळ्यांच्या कडांना, आणि फिलर संक्रांतीनंतर निवांत. यावर इथे कुणाचं दुमत असेल तर असू द्या.

आणि ताई, तो फोटो आधी काढून टाका. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तुमचा मोबाइल नंबर स्पष्ट वाचता येतोय.