वाचकांचे प्रश्न : व्हीसेंटरच्या डेटाबेसात काय जपायचं, काय जाऊ द्यायचं

प्रश्न : व्हीसेंटर ७ (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर), १२ होस्ट (ही मशीन ज्यांवर चालतात ते सर्व्हर), ३०० च्या आसपास व्हर्च्युअल मशीन. दोन दिवस डिस्कचे अलार्म येत होते, काल लॉगिनच बंद पडलं. मशीन मात्र सगळी चालू आहेत. ‘अर्काइव्ह’ डिस्क ९० टक्के भरलेली दिसते. तिच्यातल्या फाइली उडवू का?
– वाचक, नाशिक

उत्तर : उडवू नका. तिथे पोस्टग्रेस या व्हीसेंटरच्या डेटाबेसाच्या व्यवहारनोंदी साठतात आणि ती डिस्क ९० टक्क्यांच्या आसपास भरलेली राहणं हे तिचं रोजचंच आहे. खरा गुन्हेगार बहुधा शेजारची ‘सीट’ डिस्क. स्टॅटिस्टिक्स, इव्हेंट, अलार्म, टास्क यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलंय. ‘डीबी’ (मुख्य डेटाबेसाची डिस्क) किंवा ‘सीट’ ९५ टक्क्यांवर गेली की व्हीसेंटर आपली मुख्य सेवा, व्हीपीएक्सडी, स्वतःच थांबवतो. मशीन होस्टवर चालतात, त्यांना धक्का नाही. एचए, म्हणजे होस्ट पडला तर त्याची मशीन दुसरीकडे सुरू करणारी सोय, हीसुद्धा होस्टमधल्या एजंटांवर चालू राहते. व्हीमोशन (चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं) आणि डीआरएस (होस्टांमध्ये भार आपोआप वाटणं) तेवढे बसून.

आधी जागा वाढवा, झाडलोट नंतर. घाईत ‘व्हॅक्यूम फुल’ हे पोस्टग्रेसचं सफाईचं काम चालवणारे इथे हमखास फसतात : ते टेबलाची नवी प्रत लिहून मग जुनी सोडतं, म्हणजे भरलेल्या डिस्कवरच आणखी तेवढी जागा मागतं. ‘डीएफ’ कमांडने कोणती डिस्क भरलीय ते नक्की करा. मग अप्लायन्स (व्हीसेंटर ज्यात चालतो ते व्हर्च्युअल मशीन) ज्या होस्टवर आहे त्यावर थेट लॉगिन करून ‘सीट’साठी हार्ड डिस्क ८, ‘डीबी’साठी हार्ड डिस्क ६ वाढवा. अप्लायन्सवर स्नॅपशॉट (आधीच्या एखाद्या क्षणाची जपलेली स्थिती) असेल तर आकार बदलता येत नाही, तो आधी काढावा लागेल. त्यानंतर एसएसएचने (दुरून कमांड चालवण्याच्या सोयीने) आत शिरून ‘ऑटोग्रो’ स्क्रिप्ट चालवा, ‘डीएफ’ने पुन्हा खात्री करा आणि सेवा सुरू करा. वाढवलेली डिस्क परत लहान होत नाही, तेव्हा हात राखून वाढवा.

आता ‘सीट’ फुगली कशामुळे? स्टॅटिस्टिक्स लेव्हल (कामगिरीचे आकडे किती बारकाईने नोंदायचे ती पातळी) १ वर आहे का बघा. कामगिरीचा घोळ शोधताना कोणी तरी ती ३ किंवा ४ करतो आणि परत आणायला विसरतो. दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे दर मिनिटाला लॉगिन-लॉगआउट करणारी मॉनिटरिंगची स्क्रिप्ट. दिवसाला १,४४० लॉगिन, तितकेच लॉगआउट, आणि ही एकाच स्क्रिप्टची गोष्ट. ‘व्हीसीडीबी’ डेटाबेसात इव्हेंटच्या टेबलावर प्रकारवार मोजणी घ्या, वरच्या दोन-तीन ओळींतच चोर सापडतो. इव्हेंट आणि टास्क ठेवण्याची मूळ मुदत ३० दिवस असते. ऑडिटवाल्यांना वर्षभराचे इव्हेंट हवे असतील तर ते सिसलॉगकडे, म्हणजे नोंदी गोळा करणाऱ्या वेगळ्या सर्व्हरकडे वळवा, या डेटाबेसात कोंबू नका.

प्रश्न : बॅकअप सॉफ्टवेअर रोज रात्री व्हीसेंटरच्या मशीनची प्रत घेतं. तरी फाइल बॅकअप (व्हीसेंटर स्वतःच आपल्या डेटाचा घेतो तो) वेगळा लागतो का?
– वाचक, पिंपरी

उत्तर : लागतो. बरीच बॅकअप सॉफ्टवेअर मशीन परत आणायलाही व्हीसेंटरच मागतात. किल्ली आत आणि कुलूप बाहेर! तुमचं सॉफ्टवेअर थेट ईएसएक्सआय (होस्टवरची व्हीएमवेअरची प्रणाली) होस्टवर रिस्टोअर करतं का, हे आजच तपासा.

फाइल बॅकअप ५४८० पोर्टवरच्या व्यवस्थापन पानावरून लागतो : वेळापत्रक, किती प्रती ठेवायच्या, एनएफएस, एसएमबी किंवा एसएफटीपी (फाइली दुसऱ्या सर्व्हरवर ठेवण्याचे मार्ग) यांचा पत्ता. इन्व्हेंटरी आणि कॉन्फिगरेशन त्यात येतंच, स्टॅटिस्टिक्स-इव्हेंट-टास्क ऐच्छिक. आमचं मत : रोजच्या बॅकअपमधून ते वगळा. जुने आलेख गेले तर कोणी रडत नाही. परवानग्या, टॅग, फोल्डर गेले तर आठवडाभर हाताने मांडत बसावं लागतं. अप्लायन्सच्या रूट या मुख्य खात्याचा पासवर्ड मूळ सेटिंगमध्ये ९० दिवसांनी संपतो, त्याचीही नोंद कॅलेंडरवर हवी.

रिस्टोअरला लागतो त्याच बिल्डचा (नेमक्या त्याच आवृत्तीचा) आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलरची फाइल. तो बॅकअपशेजारीच ठेवा. एन्क्रिप्शनचा पासवर्ड मात्र दुसरीकडे, आणि त्याच क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या होस्टांच्या गटातल्या) मशीनवर तर नकोच. जुनं अप्लायन्स बंद करा, पण लगेच डिलीट करू नका. इन्स्टॉलर आधी नवं रिकामं अप्लायन्स उभं करतो, मग त्यात बॅकअप ओततो. इथे दोन खड्डे आहेत. व्हीसेंटरच्या नावाचं डीएनएस दोन्ही दिशांनी (नावावरून आयपी पत्ता, पत्त्यावरून नाव) उलगडायला हवं, आणि तो डीएनएस सर्व्हरही बंद असेल तर गाडी तिथेच अडते. दुसरा खड्डा नेटवर्कचा : डिस्ट्रिब्युटेड स्विचच्या (सगळ्या होस्टांवर पसरलेल्या व्हर्च्युअल स्विचच्या) नेहमीच्या पोर्ट ग्रुपला, म्हणजे मशीन जोडायच्या जागांच्या गटाला, नवं मशीन जोडायला व्हीसेंटर लागतो. त्यासाठी व्हीसेंटरविना मशीन जोडता येणारा एक ‘एफेमरल’ पोर्ट ग्रुप आत्ताच करून ठेवा.

बॅकअपनंतर बनलेली मशीन होस्ट जोडले की परत दिसतात, पण त्यांची फोल्डरमधली जागा आणि टॅग येत नाहीत. मधल्या काळात डिलीट केलेली मशीन ‘ऑर्फन्ड’ (अनाथ) म्हणून उभी राहतात, ती इन्व्हेंटरीतून काढायची.

प्रश्न : प्रॉक्समॉक्सच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीच्या) एकाच सर्व्हरवर वेगळं काही करावं लागतं का?
– वाचक, मडगाव

उत्तर : थोडंच. व्हीझेडडंप हे प्रॉक्समॉक्सचं बॅकअपचं साधन मशीन वाचवतं, सर्व्हरची मांडणी नाही. ती ‘पीव्हीई-क्लस्टर’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ या एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) फाइलीत असते. चालू असताना नुसती कॉपी मारली तर ताज्या नोंदी बाजूच्या ‘वॉल’ फाइलीतच राहू शकतात, म्हणून एसक्यूलाइटची ‘बॅकअप’ कमांड वापरा. सोबत होस्टनेम, होस्ट्स आणि नेटवर्क इंटरफेस या फाइली घ्या. क्लस्टर केलात तर मात्र एका नोडची (क्लस्टरमधल्या एका सर्व्हरची) जुनी फाइल चालत्या क्लस्टरमध्ये घुसवू नका. नोड काढून, नव्याने इन्स्टॉल करून पुन्हा जोडा.