जीएमसीचा ट्रक करताय? आधी महिना ठरवा, मग गोंद उघडा

तू विचारलंयस की आधी विमानांची दोन मॉडेलं केली आहेत, आता टामिया या जपानी कंपनीचा 1/35 मापाचा किट आणलाय, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जीएमसी अडीच टनी ट्रकचा, तर सुरुवात कुठून करू आणि शेवटी चिखल किती लावू. मी पंधरा वर्षं बहुतेक ट्रकच करतोय, त्यातले चार जीएमसी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण चिखल किती हे शेवटी ठरवायचंच नसतं. विमानाला एक बरं असतं, स्टँडवर ठेवलं तरी ते विमान दिसतं. ट्रक मात्र कशासाठी तरी कुठेतरी चाललेला असतो. तो कुठल्या रस्त्यावरचा, कुठल्या महिन्यातला आणि हौद्यात माल काय, एवढं ठरव, म्हणजे पाटे (ॲक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) किती दबलेत, टायर किती बसलेत, ताडपत्री टाकायची की नाही, धूळ की चिखल, ही सगळी उत्तरं आपोआप येतात. हे न ठरवता केलेला ट्रक कितीही सफाईदार असला तरी शोरूममधला वाटतो, आणि मग वरून तपकिरी रंग फासून काही उपयोग होत नाही.

हा ट्रक म्हणजे जीएमसीचं सीसीकेडब्ल्यू 353 हे मॉडेल, लाखोंनी बनले आणि अमेरिकन सैन्य होतं तिथे सगळीकडे फिरले, त्यामुळे निवड खूप आहे. पण पहिल्या ट्रकला माझा सल्ला रेड बॉल एक्सप्रेसचा. नॉर्मंडीतून सैन्य इतकं भराभर पुढे गेलं की पेट्रोल आणि दारूगोळा मागेच राहिला, फ्रान्समधली रेल्वे दोस्त राष्ट्रांच्याच बॉम्बिंगने मोडून पडलेली, मग 25 ऑगस्ट 1944 ला हे ट्रकचं चक्र सुरू केलं ते 16 नोव्हेंबरपर्यंत रात्रंदिवस चाललं. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, बाकी वाहतूक बंद. नियम होता ताशी 25 मैलांचा आणि दोन ट्रकमध्ये 60 यार्डांचा, पण ड्रायव्हर इंजिनचे गव्हर्नर, म्हणजे वेग अडवणारे भाग, काढून टाकायचे आणि पळवायचे. आता बघ, त्याच रस्त्यावरचा ऑगस्टअखेरचा ट्रक म्हणजे धूळ, आणि नोव्हेंबरचा म्हणजे पावसाळी चिखल, झिजलेले टायर, दोन-अडीच महिन्यांचे पोचे. ट्रक एकच, मॉडेल पूर्ण वेगळी. तू ऑगस्ट घे, धूळ जमवायला सोपी आणि चुकली तर पुसता येते.

माल घे पेट्रोलचे जेरीकॅन. इथे एक गणित करून बघ. भरलेला 20 लिटरचा कॅन साधारण 18-19 किलोचा, म्हणजे एकशेवीस कॅन झाले की अडीच टन भरले (अमेरिकन टन, म्हणजे एकूण साधारण 2270 किलो). आणि बारा फुटी हौद्यात कॅन उभे मांडले तर एका थरात साधारण तेवढेच मावतात. म्हणजे एकच थर दिसला तरी ट्रक कागदोपत्री पूर्ण भरलेला आहे, आणि रेड बॉलवर तर क्षमतेच्या दुपटीपर्यंत माल भरायचे. किटमधले पाटे मात्र रिकाम्या ट्रकसारखे छान कमानीत असतात. भरलेला हौदा आणि ताठ पाटे हे एकत्र दिसलं की जाणकार माणूस तिथेच थांबतो.

म्हणून चासी करताना मागच्या दोन ॲक्सलचे पाटे जिथे टेकतात ती बैठक अर्धा ते पाऊण मिलिमीटर कानशीने उतरव. ऐकायला काहीच नाही, पण 1/35 ला अर्धा मिलिमीटर म्हणजे खरे पावणेदोन सेंटिमीटर, ट्रक मागे बसल्यासारखा लगेच दिसतो. दोन्ही बाजूंना सारखंच उतरव, मी दर दोन-चार घाशींनी मोजतो. टायरचंही तेच, प्लास्टिकचे असतील तर जमिनीकडचा भाग पॉलिश पेपरवर हलकेच घासून चपटा कर, मागच्या टायरचा जरा जास्त, पुढच्यांचा अगदी नावाला.

प्लास्टिक जोडायचं घट्टसर सिमेंट वापर, ते पातळ सिमेंटपेक्षा हळू धरतं आणि ट्रकला तेच हवं असतं. मी बाथरूमची एक उरलेली लादी ठेवलीये, चासीच्या दोन बीम आणि आडवे तुकडे जोडले की ओले असतानाच लादीवर ठेवतो, वर काच, काचेवर डबा, आणि रात्रभर हात लावत नाही. ॲक्सल बसवले की चाकं नुसती खोचून परत लादीवर. इंजिनवर फार वेळ घालवू नकोस, बॉनेट बंद ठेवणार असशील तर खालून दिसतं तेवढंच रंगव. कॅब, हौदा, चासी हे तीन भाग रंगेपर्यंत वेगळेच राहू देत, किटच्या कागदावर वेगळा क्रम दिला असला तरी, नाहीतर कॅबच्या मागे ब्रश जात नाही.

कॅब खुली आणि बंद दोन्ही धावत होत्या, तेव्हा डब्यात आहे ती चालेल. ॲक्सलही दोन जातीचे होते, टिमकनचे स्प्लिट (मधलं घर दोन भागांचं) आणि जीएमचे बँजो (मधलं घर गोल, एकसंध), एखादा ठरावीक ट्रक फोटोवरून करणार असशील तर फोटोत गाडीखाली नीट बघ.

रंग टामियाचा एक्सएफ-62, म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब, सैनिकी हिरवा. बाटलीतून थेट मारलास तर या आकाराला फार काळपट दिसतो, म्हणून बफ (फिकट मातकट रंग) किंवा डार्क यलोचे थेंब घालून उजळ कर, पांढरा घालू नकोस, पांढऱ्याने हिरवा मरतो आणि राखाडी होतो. बॉनेट आणि कॅबचं छप्पर अजून जरा फिकं. अमेरिकन सैन्याचा पांढरा स्टार आणि बॉनेटवरचा नंबर यांचे डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) खाली ग्लॉस मारल्याशिवाय लावू नकोस, मॅट रंगावर खाली हवा अडकून चंदेरी चमक येते.

आणि मॅट वार्निश पावसाळ्यात मारू नकोस. माझा दुसरा जीएमसी एका जुलैत पूर्ण झाला होता, बाहेर संततधार, मी घाईने स्प्रे मारला आणि पाच मिनिटांत सगळ्या ट्रकवर दुधासारखी साय आली. दोन महिन्यांचं काम होतं, फार वाईट वाटलं. कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा हात दिल्यावर बरंचसं गेलं, पण ताडपत्रीच्या चुण्यांमधलं अजून आहे. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी फक्त जोडकाम करतो.

आता धूळ. ती सगळीकडे सारखी बसत नाही. सगळ्यात जास्त मागच्या फाळक्यावर, कारण धावत्या गाडीमागे हवा घुमते आणि धूळ तिथेच आपटते. मग मडगार्डच्या आत, जोडचाकांच्या मधल्या फटीत, पायदानावर. काचेवर वायपरचा पंखा दाखव: मास्किंग टेपचा पंख्याच्या आकाराचा तुकडा चिकटव, बफ अगदी पातळ मार, टेप काढ. दहा मिनिटांचं काम आहे पण कॅबमध्ये माणूस बसलाय असं वाटायला लागतं. रंग उडालेला दाखवायचा तो पाय आणि हात लागतात तिथेच, म्हणजे ड्रायव्हरच्या म्हणजे डाव्या बाजूच्या पायदानाची कड, दाराच्या हँडलभोवती, फाळक्याची वरची धार. गंज जवळजवळ नकोच, हे ट्रक वर्ष-दोन वर्षांचे होते.

एकशेवीस कॅन विकत घ्यायची गरज नाही. हौद्यात थर्माकोलचा ठोकळा, त्यावर टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून ताडपत्री, आणि फाळक्याकडच्या दोन-तीन ओळी खऱ्या कॅनच्या. कॅन अमेरिकन घे, त्यांचं झाकण स्क्रूचं असतं, जर्मन कॅनचं खटक्याचं.

शेवटचं आणि माझ्यासाठी महत्त्वाचं. कॅबमध्ये ड्रायव्हर बसवणार असशील तर तो कृष्णवर्णीय कर. रेड बॉलच्या ड्रायव्हरांपैकी साधारण तीन चतुर्थांश आफ्रिकन-अमेरिकन होते, सैन्यात तेव्हा वर्णभेद होता आणि त्यांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या, झोप न घेता हा माल त्यांनी ओढला आणि मॉडेलांमध्ये मात्र त्यांच्या जागी बहुतेक वेळा गोरा चेहरा दिसतो. चेहऱ्याला काळा रंग वापरू नकोस, लालसर तपकिरी बेस घे, कपाळ-नाक-गालाची हाडं त्यातच थोडा बफ घालून उजळ, डोळ्यांखाली गडद तपकिरीचा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग. डोळ्यांखालचा तो थकवा नीट आला पाहिजे.

चासी सुकली की लादीवर ठेवून खालून टॉर्च मार आणि सगळी चाकं टेकलीत का बघ. एखाद्याखालून उजेड आला तर प्राइमर उघडू नकोस, फोटो टाक, ॲक्सल कुठून सोडवायचा ते सांगतो.