सोलापूरच्या उन्हाळ्यात क्रेस्टेड गेको

प्रश्न : मुलीसाठी क्रेस्टेड गेको आणला आहे. दुकानदाराने सोबत उष्णतेचा दिवा दिला. एप्रिल लागल्यापासून गेको दिवसा तोंड उघडून तळाशी पडून असतो. दिवा कमी पडतो का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दिवा आजच काढा. हा गेको म्हणजे पालीचीच एक जात, दक्षिण पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. तिथे तो दिवसभर झाडांच्या सावलीत झोपतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याला २२ ते २६ अंश मानवतात. २८ च्या वर त्रास सुरू होतो आणि ३० च्या वर काही तास गेले तर जिवावर बेततं. तोंड उघडून पडणं ही उष्माघाताची खूण आहे.

पेटी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत ठेवा. गच्चीखालची खोली नको. आपली हवा कोरडी, म्हणून वाळ्याचा कुलर इथे छान चालतो. मात्र समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि गारवा थांबतो. झोत थेट पेटीवर नको. वीज गेली तर बर्फ झालेली लिटरची बाटली टॉवेलात गुंडाळून पेटीच्या जाळीदार झाकणावर ठेवा. गार हवा आपोआप खाली उतरते. गेकोला बर्फाच्या पाण्यात कधीच बुडवू नका. तापमापक भिंतीवर नको, पेटीच्या आत हवा.

पाणी संध्याकाळीच फवारा, सकाळपर्यंत पेटी बरीचशी सुकली पाहिजे. बोअरचं पाणी वापरलंत तर क्षार साचून फवाऱ्याचं तोंड बुजतं. क्षार काढलेलं, म्हणजे आरओ यंत्रातलं पाणी घ्या.

प्रश्न : पकडताना शेपटी तुटली. पुन्हा किती दिवसांत येईल? – होटगी रोड

उत्तर : येणार नाही. आपल्या घरातल्या पालीची येते, याची कधीच येत नाही. पण त्यावाचून त्याचं काही अडत नाही; रानातले बरेच मोठे गेको बिनशेपटीचेच असतात. जखमेवर हळद किंवा मलम लावू नका. तळाची माती काढून आठवडाभर कागदी टॉवेल अंथरा आणि रोज बदला.

प्रश्न : नुसतं केळं दिलं तर चालेल? – अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. केळ्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त. हाडं मऊ पडतात, जबडा लिबलिबीत होतो. गेकोसाठीची तयार भुकटी एका भागाला दोन भाग पाणी घालून कालवा. रात्री ठेवा आणि सकाळी उचला, उन्हाळ्यात ती लगेच आंबते.