पासपोर्टशिवाय शेजारच्या देशात जाता येतं का? आणि सगळ्याच सीमा उघड्या का नाहीत?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नेपाळ-भूतानला पासपोर्ट लागत नाही हे खरं का, आणि युरोपात आहेत तशा उघड्या सीमा भारताने सगळ्याच शेजाऱ्यांशी का ठेवू नयेत?

पहिलं खरं आहे. भारतीय नागरिकाला या दोन्ही देशांत व्हिसा लागत नाही, पासपोर्टचीही सक्ती नाही. पण पासपोर्ट नको म्हणजे कागदच नको, असं आमच्याकडे फार जण धरून चालतात, म्हणून आधी तेवढं सांगतो.

मी नवापूरचा, नंदुरबार जिल्ह्यातला. खान्देशातून पशुपतिनाथाच्या यात्रेला बसगाड्या निघतात, आचारी आणि शिधा सोबत घेऊन. अशा गाड्यांबरोबर व्यवस्था पाहायला मी जात असतो. निघायच्या आधी प्रत्येकाला माझा एकच प्रश्न असतो: मतदान कार्ड घेतलं का? १५ ते ६५ वयाच्या माणसाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र हवं. या वयात आधार चालत नाही. ६५ च्या पुढच्यांना आणि १५ च्या आतल्यांना मात्र चालतं. नेपाळ सीमेवरच्या सोनौलीच्या कमानीतून पायी जाताना कदाचित कोणी काही विचारणार नाही, पण विमानतळावर विचारतातच. आमच्या गाडीतल्या एका चाळिशीच्या माणसाला काठमांडूत असताना वडील गेल्याचा निरोप आला. विमानाने निघायचं तर खिशात फक्त आधार. शेवटी रस्त्याने निघाला आणि अंत्यविधीला पोहोचू शकला नाही. तेव्हापासून मतदान कार्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणाला गाडीत बसवत नाही. गाडीचं वेगळं: सीमेवर भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरून जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचा परवाना काढावा लागतो.

भूतानचं थोडक्यात. पासपोर्ट किंवा मतदान कार्ड दाखवून फुन्शोलिंग या तिथल्या सीमेवरच्या गावाला प्रवेश परवाना मिळतो. २०२२ पासून भारतीयांनाही माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क आहे. म्हणजे व्हिसा नाही, पण वाट मोकळीही नाही. नेपाळची वाट मोकळी आहे, कारण ३१ जुलै १९५० च्या तहात दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना राहणं, मालमत्ता, व्यापार आणि येणं-जाणं यांत आपल्या माणसासारखं वागवायचं कबूल केलं. कागदावर तह १९५० चा, पण तराई, म्हणजे नेपाळचा दक्षिणेकडचा सपाट पट्टा, आणि बिहार-उत्तर प्रदेश यांच्यातला रोटी-बेटी व्यवहार त्याच्या कितीतरी आधीचा. बिहारमधल्या रक्सौलच्या मुलीचं सासर पलीकडे नेपाळात वीरगंजला असणं हे तिथे रोजचं आहे.

हे आम्हा नवापूरकरांना समजावून सांगावं लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरचं आमचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांत आहे. ८०० मीटर लांबीपैकी ३०० मीटर महाराष्ट्रात, ५०० मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी इकडे, स्टेशन मास्तरांची कचेरी तिकडे. स्टेशन आधीचं, १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि रेषा त्याच्या मधून गेली. फलाटावरच्या एका बाकाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत आहे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. मला त्या बाकाचं मोल वेगळं वाटतं. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रात नाही. बाकावर एक हात सरकलात की कायदा बदलतो, आणि सरकताना तुम्हाला कोणी अडवत नाही. उघडी सीमा म्हणजे हेच. रेषा असते, दोन्हीकडचे कायदे असतात, फक्त ओलांडणाऱ्याला थांबवत नाहीत. आमच्याकडे सुरतेला, उधना-लिंबायतला एखादा तरी नातेवाईक नाही असं घर शोधावं लागेल.

युरोपात हे जमलं, पण ते फुकट मिळालेलं नाही. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाशी, मोझेल नदीत उभ्या असलेल्या बोटीवर पाच देशांनी करार केला: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. प्रत्यक्ष तपासणी थांबायला मार्च १९९५ उजाडला. मधली दहा वर्षं गेली ती समान व्हिसा, पोलिसांची एकत्र माहिती यंत्रणा आणि बाहेरच्या सीमेवर कडक पहारा हे ठरवण्यात. आतली दारं काढायची तर बाहेरचा दरवाजा सगळ्यांनी मिळून सांभाळावा लागतो, आणि शेजारी तो नीट सांभाळतोय यावर विश्वास लागतो. आज त्यात २९ देश आहेत. विश्वास डळमळला की दारं परत बसतात: जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली.

आपल्याकडेही तेच पाहिलं. मार्च २०२० मध्ये भारत-नेपाळ सीमा बंद झाली तेव्हा उत्तराखंडातल्या धारचुलाला नेपाळी मजूर अडकले, काहींनी घर गाठायला सीमेवरच्या महाकाली नदीत उड्या घेतल्या. त्याच दिवसांत आमच्या नवापूरच्या नाक्यावरही सुरतेहून निघालेली माणसं पोरांना कडेवर घेऊन उभी होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी ती रेषा कधी मोजली नव्हती, त्यांना पास विचारला जात होता. ते पाहिल्यापासून मला वाटतं की मोकळी वाट ही सरकारची रोजची परवानगी असते, आणि ती काढून घेतली की सगळ्यात आधी हातावर पोट असलेला माणूस अडकतो.

आता बाकीचे शेजारी. फाळणी झाल्याबरोबर पासपोर्ट आला असं नाही. भारत-पाकिस्तान प्रवासाला पासपोर्ट-व्हिसा लागू झाला तो ऑक्टोबर १९५२ मध्ये. तोवर पूर्व बंगालमध्ये लोक त्याशिवाय जात-येत होते. म्यानमारच्या सीमेवर पूर्वी दोन्हीकडच्या १६ किलोमीटरमधल्या रहिवाशांना व्हिसाविना ये-जा होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ती सवलत रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. सरकारची सुरक्षेची काळजी खोटी नाही. पण नागा, मिझो, कुकी कुटुंबं त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यांचं काय, हा प्रश्न मला टोचतो. सातपुड्यात पावरा आणि भिल्ल कुटुंबांची सोयरीक धडगावहून पार मध्य प्रदेशात जाते. तिथे उद्या कोणी परवाना मागितला तर काय होईल, हे मी कल्पू शकतो.

म्हणून सगळ्या सीमा एकदम उघडा असं मी म्हणणार नाही. सीमेलगत राहणाऱ्यांपासून सुरुवात करावी, एवढंच माझं मत. याला पायाही आहे: २०११ मध्ये मेघालयात कलाईचर इथे भारत-बांगलादेश सीमेवर पहिला सीमा हाट सुरू झाला. ठरलेल्या दिवशी, दोन्ही बाजूंच्या पाच किलोमीटरमधल्या गावांतले लोक कुंपणाशी आखलेल्या जागेत येतात, भाजी, फळं, कपडा विकतात. आमच्या खेतियाच्या किंवा मोलगीच्या आठवडे बाजाराला ज्यांनी गर्दी पाहिली आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. असे हाट वाढवावेत, आणि त्या पाच किलोमीटरमधल्या माणसांना बाजाराच्या दिवशी पलीकडच्या नातेवाइकाच्या घरी जाऊन येण्याचा दिवसाचा पासही द्यावा.