डिझेलचा परतावा आणि रापणीचा वाटा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

मासेमारीवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘बाजार अपयशी ठरतो म्हणून गरिबाला मदत हवी’ हे वाक्य आधी खोड. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मी आज सोडलेला बांगडा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार, म्हणून कुणीच सोडत नाही. हे बाजाराचं अपयश. अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन यांनी १९५४ मध्येच ते मांडलं. पण बाजार सुरळीत चालला तरी रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून हातांनी रापणीचं जाळं ओढणारा, गरीब राहू शकतो. तो वाटपाचा प्रश्न.

पाठ्यपुस्तकात दोन्ही वेगवेगळे सुटतात, बंदरावर नाही. सरकार मच्छीमार संस्थांमार्फत यांत्रिक नौकांना डिझेलवरचा कर परत करतं. मच्छीमाराच्या हाती चार पैसे राहावेत, एवढाच हेतू. पण जो जास्त डिझेल जाळतो त्याला जास्त परतावा, आणि हातांनी रापण ओढणाऱ्याला काही नाही. वर समुद्र उपसायला आणखी जोर. तेवढीच रक्कम घरटी वाटली तर काय होईल, हा हिशेब तू मांडच.

उलटही होतं. पर्ससीनवर, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले ते मासळी टिकावी म्हणून. पण त्यातून किनाऱ्याजवळचा मासा कुणाचा, हेही काही अंशी ठरलं. मोजकेच परवाने काढून लिलावात विकले असते, तरी मासळी टिकली असती. मासा मात्र पैसेवाल्याचा झाला असता. अर्थशास्त्रज्ञ कोस यांचा १९६०चा लेख या नजरेने पुन्हा वाच. देवघेवीला खर्च नसेल तर हक्क कुणालाही द्या, काम भागतं, एवढंच लोक लक्षात ठेवतात. हक्क ज्याला मिळाला तो श्रीमंत होतो, हे सोयीस्कर विसरतात.

जास्त पानं मात्र उचलीवर, म्हणजे व्यापाऱ्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशावर, खर्च कर. तारण नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. मग व्यापाऱ्याची उचल, आणि मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने. इथे गरिबीच बाजार बिघडवते. जाळ्यापुरती पुंजी हाती आली तर तोच माणूस चार गिऱ्हाइकांना भाव विचारेल. तुझं खोडलेलं वाक्य इथे, उलटं करून, चालेल.

जून-जुलैच्या बंदीत मालवणला जा, तेव्हा यांत्रिक नौकांवरची माणसं घरी भेटतात. रापण संघात जाळ्याचा वाटा किती आणि ओढणाऱ्याचा किती, ते विचार. उचलीचं मात्र घरातल्या बायकांना विचार, आणि व्यापारी जवळपास नसताना.

तुझा,
काका