ड्रॉइंग कच्चं आहे म्हणून आर्किटेक्चर सोडायचं का?

ताई, पत्र वाचलं. मुलगा नववीत, डिस्लेक्सिया (म्हणजे वाचन-लिखाण जड जाणं) आहे, ड्रॉइंग यथातथाच, आणि यूट्यूबवर ब्रिटिश आर्किटेक्ट रिचर्ड रॉजर्सबद्दल बघून आर्किटेक्टच व्हायचं म्हणतोय. शाळेतले सर म्हणतात नाद सोडा, आणि तुम्ही विचारताय की मी काय सांगू त्याला.

लगेच नाही म्हणू नका. रॉजर्सला अकराव्या वर्षापर्यंत धड वाचता येत नव्हतं, त्या काळी इंग्लंडात डिस्लेक्सिया कुणाला माहीत नसायचा, सरळ ढ ठरवून मोकळे. पुढे लंडनच्या एए स्कूल या आर्किटेक्चर कॉलेजातसुद्धा त्याचं ड्रॉइंग कच्चंच होतं. पण त्याला जागा कळायची, आणि टीममध्ये काम करता यायचं, आधी नॉर्मन फॉस्टर, मग रेन्झो पियानो या आर्किटेक्टबरोबर. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या कला केंद्राच्या डिझाइन स्पर्धेत 1971 मध्ये 681 एन्ट्री आल्या होत्या, त्यातून रॉजर्स आणि पियानो या पोरांची निवड झाली. पाइप, जिने सगळं बिल्डिंगच्या बाहेर काढलं, हवेचे पाइप निळे, पाण्याचे हिरवे, आणि जवळजवळ अर्धा प्लॉट लोकांना बसायला-फिरायला मोकळा सोडला. मला विचाराल तर खरी अक्कल त्या मोकळ्या चौकात आहे. 2007 ला रॉजर्सला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मानाचं बक्षीस, मिळालं.

पण एक गोष्ट व्हिडिओत बहुतेक सांगितली नसेल. त्याच्या वडिलांचा चुलत भाऊ एर्नेस्तो रॉजर्स मिलानमधला नावाजलेला आर्किटेक्ट होता, हा पोरगा आधी त्याच्या ऑफिसात राबला. म्हणजे घरातूनच दार उघडं होतं, तुमच्याकडे ते नाही, तर सुट्टीत ओळखीच्या एखाद्या आर्किटेक्टकडे किंवा चालू साइटवर महिनाभर पाठवा, कंटाळून येतो की रोज काहीतरी सांगत येतो ते बघा.

आता मेन मुद्दा, हा नीट वाचा. आपल्या बोर्डात डिस्लेक्सियाच्या मुलांना दहावीला गणिताऐवजी सातवीच्या लेव्हलचं अंकगणित घ्यायची सवलत मिळते. सोपं पडेल म्हणून पटकन घेऊ नका!! बी.आर्क.ला, म्हणजे आर्किटेक्चरच्या डिग्रीला, बारावीत गणित लागतंच, आणि इथे पाया सुटला तर अकरावीत ते झेपणं अवघड. जादा वेळेची सवलत मात्र जरूर घ्या, डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट नसेल तर आत्ताच काढून ठेवा, दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ होते. नाटा या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेत ड्रॉइंग असतं, पण त्याला अजून तीन वर्षं आहेत, रोज अर्धा तास घरातल्याच वस्तू काढू दे, खोडरबर न वापरता.

साइटवरून आला की काय म्हणाला ते कळवा.