मास्तरांना विचारा : नातू स्वतःला ‘कुले’ का म्हणवतो?

प्रश्न : नातू नववीत आहे. बार्सिलोना फुटबॉल टीमचा एवढा वेडा, की दिवाळीलाही निळ्या-लाल पट्ट्यांचा टीशर्टच हवा. तेही चालवून घेतलं. पण परवा पाहुणे चहा पीत बसलेले असताना म्हणाला, ‘‘मी कुले आहे.’’ सगळे गप्प. रागावले तर म्हणतो, तिकडं असंच म्हणतात. खरं का हो? आणि चांगलं लाख माणसं बसणारं स्टेडियम पाडलं म्हणे त्यांनी. ते कशासाठी?
– एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, पोरगं खरं बोलतंय. कातालान ही तिकडची भाषा. तिच्यात ‘कुल’ म्हणजे माणूस ज्यावर बसतो तो भाग. आपल्या शब्दाशी इतका जुळतो, की मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. क्लब १८९९चा. १९०९ साली त्यांना इंडस्ट्रिया नावाच्या रस्त्यावर मैदान मिळालं, जागा जेमतेम सहा हजारांची. उशिरा येणारे कंपाउंडच्या भिंतीवर मैदानाकडं तोंड करून बसायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसायची ती ओळीनं मांडलेली पाठची बाजू. तेव्हापासून बार्सिलोनाचे लोक ‘कुले’.

आम्ही पोरं पार्क मैदानाच्या भिंतीवर असेच बसायचो की ओ! पार्क चौकातनं येणाऱ्यांना आमचंही तेच दर्शन. लोकांनी आम्हांलाही नाव ठेवलं होतं, पण ते इथं छापणार नाहीत.

आता स्टेडियम. भिंतीवरची गर्दी वाढली म्हणून १९२२ मध्ये क्लब ‘लेस कोर्त्स’ला गेला. तेही वाढवत वाढवत साठ हजारांपर्यंत नेलं. मग १९५०च्या सुमारास कुबाला नावाचा हंगेरीचा खेळाडू आला आणि तेही पुरेना. शेवटी २४ सप्टेंबर १९५७ला ‘काम्प नोऊ’ उघडलं. अर्थ फक्त ‘नवं मैदान’! आपण नव्या पेठेला अजून नवी पेठच म्हणतो, तसंच हे. क्लबच्या कागदोपत्री हे नाव यायला मात्र २००० साल उलटावं लागलं, तेही सभासदांचं मत घेऊन. खर्च २८ कोटी ८० लाख पेसेता, म्हणजे स्पेनचं तेव्हाचं चलन. क्लब कर्जात बुडाला आणि पुढं जुन्या मैदानाची जागा विकून वर आला.

१९८२च्या वर्ल्डकपसाठी ते सव्वा लाखाच्या घरात नेलं. नंतर उभं राहून बघणं बंद झालं, सगळीकडं खुर्च्या आल्या, तेव्हा आकडा लाखाच्या आत आला. पण काँक्रीट साठीपार गेलेलं. बहुतेक प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर नाही. पाऊस आला की भिजा.

आणि ताई, सगळं नाही पाडलं. वरचा तिसरा मजला उतरवला, खालचे ठेवून दुरुस्त केले. वाड्याचा माळा काढून जोतं तसंच ठेवावं, तसं. पैशाचा निर्णय कुणा शेटजीनं घेतला नाही. हा क्लब सभासदांच्या मालकीचा. डिसेंबर २०२१ मध्ये मत घेतलं, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी जवळजवळ ८८ टक्के ‘हो’ म्हणाले. रक्कम दीडशे कोटी युरो. माझ्या सोसायटीत पाण्याच्या टाकीसाठी तीन मीटिंगा झाल्या, टाकी अजून गळतेच.

मे २०२३ मध्ये शेवटचा सामना झाला आणि टीम माँजुईकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये भाड्यानं गेली. तिथं मैदानाभोवती धावपट्टी, त्यामुळं बघणारा लांब. नोव्हेंबर २०२४ला, क्लबच्या १२५व्या वाढदिवसाला, परत यायचं ठरलं होतं. काम रखडलं. २०२५च्या सप्टेंबरात तर दोन सामने त्यांच्या छोट्या योहान क्रॉयफ स्टेडियमवर खेळावे लागले. त्याची क्षमता किती? सहा हजार. फिरून १९०९! घरी परतले २२ नोव्हेंबर २०२५ला. अॅथलेटिक बिल्बाओला ४-० हरवलं. तेव्हा साधारण पंचेचाळीस हजारांनाच आत घेतलं होतं. सगळं बांधून झालं की एक लाख पाच हजार बसतील, छपरासकट.

नातवाला सांगा, पाहुण्यांपुढं ‘मी बार्सावाला’ म्हण. मित्रांत काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि भिंतीवर चढत असेल तर आधी वर काचा लावल्यात का बघायला सांगा. आमच्या वेळी एका बंगलेवाल्यानं लावल्या होत्या, खूण अजून आहे. कुठं, ते विचारू नका.